दोघांनी घ्यायच्या गोळ्या

शाळेच्या दगडी पायऱ्यांवर एखादी मुलगी बसली की मिलुंकाला ते दुसऱ्या मजल्यावर कळायचं. कसं कळायचं ते देव जाणे. ती वर प्रयोगशाळेची फरशी पुसत असायची, मधेच फडकं टाकून खिडकी उघडायची आणि ओरडायची, “ऊठ गं! ऊठ त्या दगडावरून. पुढे पोरंबाळं व्हायची आहेत की नाही तुला?” सगळं पटांगण वर बघायचं आणि ती मुलगी कानापर्यंत लाल होऊन उठायची. मुलांना मात्र मिलुंका काही म्हणायची नाही. मुलांनी बर्फावर बसावं, वाटलं तर बर्फात झोपावं, त्यांचं काही बिघडत नाही असं तिचं ठाम मत होतं.

हे मत काही तिने एकटीने शोधून काढलेलं नव्हतं. सर्बियातल्या मोरावा नदीकाठच्या आमच्या गावात बायकांची झाडून सगळी दुखणी थंडीने होतात. ओले केस, अनवाणी पाय, समोरासमोरच्या खिडक्यांमधून येणारा वारा, आणि सगळ्यात वाईट म्हणजे गार दगडावर बूड टेकणं. मिलुंकाच्या आईने हे तिला सांगितलं, आईला तिच्या आईने. बाकीच्या बायका नुसतं सांगतात. मिलुंका अंमलबजावणी करायची, एवढाच फरक. शाळेत ती साफसफाईला लागली तेव्हा नवी नवरी होती. तेव्हापासून हेडमास्तर आले आणि गेले, देशाचं नावसुद्धा बदललं, पण पायऱ्यांचा कायदा बदलला नाही. मुलं तिला मावशी म्हणायची, मास्तरही मावशीच म्हणायचे, आणि हेडमास्तरांना काही हवं असलं की तेसुद्धा आधी मावशीचा मूड विचारायचे.

घरी तिची माणसं दोनच. मुलगा जर्मनीत. नवरा रादिसाव फरशीवाला, म्हणजे फरश्या आणि टाइल बसवणारा. हाताला इतकी सफाई की त्याच्या दोन टाइलांच्या मधून मुंगीही जाणार नाही. वसंत सुरू झाला की तो खाली समुद्रावर, बुद्वाला जायचा, तिथल्या हॉटेलांची न्हाणीघरं करायचा आणि द्राक्षं संपता संपता परत यायचा. आणि दुसरी सासू, कोसारा. वय ऐंशीच्या पुढे, एका कानाने बहिरी, पण कोणत्या कानाने ते ती सोयीप्रमाणे ठरवायची.

तर गेल्या हिवाळ्यात या मिलुंकालाच दुखणं लागलं. अंगावरून पिवळट जायला लागलं. ओटीपोटात जड वाटायचं. रादिसाव घरी होता, आणि त्याच्याजवळ झोपल्यावर दुसऱ्या दिवशी रक्ताचे दोन थेंब दिसायचे.  मिलुंकाच्या मावसबहिणीचं असंच थेंबांनी सुरू झालं होतं आणि ती बिचारी पुढचा ईस्टर बघू शकली नव्हती. पण ज्या बाईने अख्ख्या गावाच्या लेकींना पायरीवरून उठवलं, तिने कुणाला सांगायचं की मलाच झालंय म्हणून? आणि झालं तरी कसं? ती आयुष्यात कधी दगडावर बसली नव्हती. सिनेमाला जातानासुद्धा बुडाखाली घ्यायला वर्तमानपत्र न्यायची.

सासूने मात्र क्षणात निदान केलं.

“गुडघे,” कोसारा म्हणाली.

“गुडघ्यांचं काय, आई?”

“शाळेच्या फरशीवर गुडघे टेकून पुसतेस ना? थंडी गुडघ्यातून वर चढते. माझ्या आईच्या वेळी फरश्या नव्हत्या, माती होती. माती थंडी धरून ठेवत नाही.”

मिलुंकाला हे इतकं पटलं की तिला जरा बरंच वाटलं. मग कोसाराने उपचार सुरू केले. कॅमोमाइलची फुलं उकळून त्या वाफेवर घोंगडी पांघरून बसायचं. ते झालं की व्हिनेगर घातलेल्या कोमट पाण्याने आतून धुवायचं. वाफेवर बसायला वाईट काहीच नव्हतं, निदान पाय शेकत होते. पण व्हिनेगरने अशी आग झाली की मिलुंका स्वयंपाकघरात गोल गोल फिरली, आणि कोसारा समाधानाने म्हणाली, “थंडी बाहेर पडतेय.” आठवड्याने थंडी बाहेर पडण्याऐवजी थेंब वाढले. मग मात्र मिलुंकाने तोंडावर रुमाल गुंडाळला, दातांच्या डॉक्टरकडे चालल्यासारखा, आणि दवाखाना गाठला.

तिथे दुसरंच संकट वाट बघत होतं. टेबलामागे पांढऱ्या कोटात बसलेली होती ग्रोझ्दाना. डॉक्टर ग्रोझ्दाना म्हणा हवं तर, पण मिलुंकाच्या लेखी ती अजून दहावीतली, लांब वेणीची, पायऱ्यांवर बसून सूर्यफुलाच्या बिया फोडणारी आणि टरफलं तिथेच टाकणारी मुलगी होती.

“मावशी!” ग्रोझ्दाना उठून उभीच राहिली. सवय. “या, या. काय होतंय?”

मिलुंकाने रुमाल काढला आणि दाराकडे बघितलं. पळून जावं असा विचार तिच्या मनात येऊन गेला. पण बाहेर गावातल्या बायका रांगेत होत्या आणि त्यांच्यासमोरून इतक्या लवकर बाहेर पडणं म्हणजे आणखी चर्चेला विषय. तिने जे होतं ते सांगून टाकलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

“झोपा टेबलावर,” ग्रोझ्दाना म्हणाली. “टेबल जरा गार आहे. चालेल ना?”

“डॉक्टर झालीस म्हणून फार शहाणी होऊ नकोस,” मिलुंका म्हणाली आणि झोपली.

तपासणी झाली. कापसाच्या काडीने आतला नमुना घेतला. ग्रोझ्दाना हातमोजे काढत समजावू लागली. “मावशी, गर्भाशय म्हणजे उलटं टांगलेलं नासपती समजा. त्याचं निमुळतं टोक खाली येतं, ते त्याचं तोंड. गर्भाशयमुख म्हणतो आम्ही. ते सुजलंय. लालबुंद आहे, नुसता कापूस लागला तरी रक्त येतंय. ते थेंब तिथलेच.”

“म्हणजे तसलं काही...” मिलुंकाला तो शब्द उच्चारवेना.

“कॅन्सरचीही तपासणी पाठवते, पाठवायलाच हवी. पण मला तसं वाटत नाही. ही सूज आहे. पुष्कळ बायकांना होते, निम्म्यांना तर पत्ताही नसतो. तुम्हाला त्रास झाला म्हणून तुम्ही आलात, हे चांगलं झालं. तशीच राहिली तर वर चढते, गर्भाशयात, नळ्यांमध्ये. मग खरा त्रास.” तिने कागद पुढे ओढला. “आणि आग कसली होते? काही लावलंत का?”

मिलुंकाने व्हिनेगरचं सांगितलं. ग्रोझ्दानाने डोळे मिटले.

“मावशी, व्हिनेगर काकड्यांना. नुसत्या अशा धुण्यानेही सूज येऊ शकते, आणि असलेली वाढते. आतलं आत आपलं आपण स्वच्छ राहतं. व्हिनेगर नाही, कॅमोमाइल नाही, वासाचा साबण नाही.”

शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक होता. ग्रोझ्दाना तिथे गेली आणि परत येऊन म्हणाली की जंतू सापडला, ट्रायकोमोनास नावाचा. मिलुंकाचा विश्वास बसेना. ती म्हणाली, मला दाखव. प्रयोगशाळेच्या फरश्या पुसता पुसता तिने सूक्ष्मदर्शक बरेच पाहिले होते, पण डोळा लावला तो त्या दिवशी पहिल्यांदाच. गोल उजेडात काहीतरी शेपटी हलवत सैरावैरा पळत होतं. तिला ते बघून राग आला.

“हे थंडीने होतं?” तिने विचारलं.

“थंडीने फक्त बूड गार होतं, मावशी. हा माणसाकडून माणसाकडे जातो. नवरा-बायकोमध्ये. पुरुषांना बऱ्याचदा काही होत नाही, पण असतो त्यांच्यातही.” ग्रोझ्दाना जरा हळू आवाजात बोलत होती. “म्हणून गोळ्या दोघांना. एकाच वेळी, आठवडाभर. तोवर वेगळं झोपायचं. आणि दारूचा थेंब नाही, गोळ्या चालू असताना नाही आणि संपल्यावर दोन-तीन दिवस नाही. या गोळ्यांवर प्यायलं तर काहींचं तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात.”

“कुठून आला तो?”

“ते तपासणीत कळत नाही. कधी आला तेही नाही. वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो.”

मिलुंकाने दोन पाकिटं पिशवीत टाकली. घरी जाताना तिने मनाशी पक्कं ठरवलं की ग्रोझ्दाना शाळेत अभ्यासात यथातथाच होती.

रादिसावने पाकीट हातात घेऊन उलटंपालटं केलं. “मला काय झालंय? मला काही होत नाही. दुखणं बायकांचं आणि गोळ्या मी खायच्या?” वर म्हणाला, “शेजाऱ्यांना कळलं तर काय म्हणतील?” जणू शेजारी त्याच्या घशात बघायला येणार होते. मिलुंकाने आपल्या गोळ्या संपवल्या, बरी झाली, कॅन्सरची तपासणीही स्वच्छ आली. महिन्याभराने पुन्हा तेच. पुन्हा ग्रोझ्दाना, पुन्हा दोन पाकिटं. या वेळी रादिसावने पाकीट रिकामं करून दाखवलं. मग तो समुद्रावर गेला आणि उन्हाळाभर मिलुंका ठणठणीत राहिली. शरदात तो परत आला, आणि द्राक्षांचा रस अजून पिंपात फसफसत होता तोवर मिलुंका तिसऱ्यांदा ग्रोझ्दानाच्या दारात.

“फरश्या गार पडल्या गं आता,” मिलुंकाने आधीच सांगून टाकलं. “उन्हाळ्यात काही नव्हतं बघ. थंडी आली की सुरू.”

“मावशी, थंडी नाही आली. रादिसाव आला.”

 मिलुंकाला हे कळत नव्हतं असं नाही. ती काही खुळी नव्हती. सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला त्याच क्षणी तिला जे कळायचं ते कळलं होतं. पण थंडी होती तोवर कुणाला काही विचारायची गरज नव्हती. थंडी कुणाशी भांडत नाही, खोटं बोलत नाही, आणि आपल्याबरोबर इतकी वर्षं एका ताटात जेवलेली नसते. विचारलं तर उत्तर येणार, आणि उत्तर आलं की त्याचं काहीतरी करावं लागणार. मिलुंकाला त्या उत्तराची कॅन्सरपेक्षा जास्त भीती वाटत होती, आणि म्हणून तिने गुडघ्यांना दोष देणं चालू ठेवलं होतं.

“त्याने खरंच घेतल्या का गोळ्या?” ग्रोझ्दानाने विचारलं.

“पाकीट रिकामं होतं.”

“पाकीट रिकामं होतं म्हणजे पोटात गेल्या असं नाही. या वेळी तुमच्यासमोर घेऊ देत. नाहीतर आपण दोघी अशाच भेटत राहणार, तुमच्या पेन्शनपर्यंत. आजच सुरू करा.”

“आज नको. पुढच्या आठवड्यात आमची स्लावा आहे. घराण्याच्या संताचा दिवस, घरात साठ माणसं, आणि यजमान प्यायचा नाही म्हणजे काय? स्लावा झाली की करू.”

“गेल्या वेळी लोणचं घालायचं होतं. त्याच्या आधी कुणाचं तरी वर्षश्राद्ध होतं. आजच, मावशी.”

घरी आल्यावर मिलुंकाने सासूला विचारलं, सहजच, की गेल्या वेळच्या रादिसावच्या गोळ्या त्याने कधी घेताना बघितल्या का.

“त्याने कुठल्या?” कोसारा म्हणाली. “डुकरिणीला घातल्या त्याने. खोकत होती ना ती तेव्हा. म्हणाला, वाया कशाला घालवायच्या. चार दिवसांत उभी राहिली बघ.”

मिलुंका अंगणात गेली. गोठ्यात डुकरीण पाय पसरून पडली होती, तुकतुकीत, कुठल्याही जंतूपासून मुक्त. अख्ख्या घरात बरं झालेलं तेवढं एकच होतं. मिलुंका परत आली, पाकीट फोडून पहिली गोळी रादिसावच्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवली आणि म्हणाली, “डुकरीण बरी आहे. ही तुझी.”

रादिसावने तिच्याकडे बघितलं.  गोळी उचलली, तोंडात टाकली, वर कॉफी प्यायला आणि बाहेर गेला. बाहेर जाऊन थुंकला की नाही ते मिलुंकाला कळायला मार्ग नव्हता. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ हेच. तो गोळी घ्यायचा, बाहेर जायचा. मिलुंकाने अंथरूण सासूच्या खोलीत नेलं, पाठ धरल्याचं सांगून, आणि कोसाराने अनुभवाने पाठीला लसूण लावून दिला.

या सगळ्यातली खरी अडचण स्लावाची होती. अख्ख्या सर्बियात माणसाने न पिण्याचं एकच कारण चालतं. लिव्हर खराब आहे म्हणालात तर लोक म्हणतात, एका घोटाने काय होतं. गाडी चालवायची आहे म्हणालात तर म्हणतात, रात्री इथेच झोप. पण अँटिबायोटिक चालू आहे म्हणालात की हात जिथल्या तिथे थांबतो आणि ओतणारा माणूस मान डोलावतो, जसं काही घरात कुणी गेलंय. फक्त त्याच्या पुढचा प्रश्न ठरलेला असतो, कशासाठी? आणि घरचा यजमान आणि घरची यजमानीण दोघंही एकाच दिवशी अँटिबायोटिकवर आहेत हे ऐकल्यावर लोक हिशेब करतात. आमच्या गावात लोकांना दुसरा उद्योग नसतो.

मिलुंकाने सगळं मनात घोळवलं. रादिसाव प्यायला आणि लाल होऊन ओकला तर तो गोळ्या घेतोय, पण गाढव आहे. प्यायला आणि काहीच झालं नाही तर तो गोळ्या घेत नाहीये, आणि तिला तिच्या संसाराबद्दल जे कळायला हवं ते साठ पाहुण्यांसमोर कळेल. आणि प्यायलाच नाही तर? तिसरी शक्यता तिने फार वेळ मनात धरली नाही. रादिसाव स्लावाला न प्यायलेला तिने कधी बघितलाच नव्हता.

संत दिमित्रीचा दिवस उजाडला. सकाळी पाद्री आला, मेणबत्ती लावली, सणाची भाकर कापून तिच्यावर वाइन ओतली. रादिसावने वाइनला ओठ टेकवले की घोट घेतला हे मिलुंकाला पाद्रीच्या पाठीमुळे दिसलं नाही. तिने मनातल्या मनात पाद्रीला शिव्या दिल्या आणि लगेच क्षमाही मागितली. मग पाहुणे यायला लागले. रस्सा गेला, उकडलेलं मांस गेलं, आंबट कोबीच्या पानात बांधलेल्या सारमा भल्यामोठ्या पातेल्यात रटरटत होत्या. स्लावाला यजमान बसत नाही, तो दिवसभर उभा राहून पाहुण्यांना वाढतो, म्हणून टेबलाच्या टोकाची त्याची खुर्ची रिकामी असते. रादिसाव तिच्या मागे उभा होता, नवा शर्ट घालून. मिलुंका तशीही उभीच असायची, स्वयंपाकघरात, पण तिच्या उभं राहण्याला कुणी रीत म्हणत नाही.

स्वयंपाकघरात बोसिल्काने तिच्यापुढे राकियाचा, म्हणजे फळांच्या दारूचा, छोटा ग्लास धरला. ही बोसिल्का म्हणजे त्यांच्या कूमची बायको. कूम म्हणजे लग्नातला साक्षीदार, आणि एकदा साक्ष दिली की माणूस जन्माचा जवळचा होतो, सुटका नाही.

“नको गं, अँटिबायोटिक चालू आहे,” मिलुंका म्हणाली. “दात.”

“आई गं,” बोसिल्का म्हणाली आणि तो ग्लास स्वतः प्यायली.

बाहेर कूम स्रेतेनने बाटली उचलली. तो बुटका, लाल गालांचा, आणि स्वतःच्या आवाजावर प्रेम करणारा माणूस. त्याने सगळ्यांचे ग्लास भरले, रादिसावचाही. मिलुंका सारमांचं ताट घेऊन दारात येऊन थांबली. स्रेतेनने संताच्या नावाने, घराच्या नावाने, जर्मनीतल्या मुलाच्या नावाने शुभेच्छा दिल्या. सगळ्यांनी ग्लास उचलले. रादिसावनेही उचलला. मिलुंकाच्या हातातलं ताट कललं आणि रस कडेला आला.

रादिसावने ग्लास ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला.

“हे काय?” स्रेतेन म्हणाला. “संताला वर उचलतोस आणि मधेच सोडतोस?”

“अँटिबायोटिक चालू आहे.”

स्रेतेनची मान आपोआप डोलली. मग ठरलेला प्रश्न आला. “कशासाठी रे?”

रादिसावने गालावर हात ठेवला. “दात.”

“अगं बाई, मिलुंकाचाही दातच!” बोसिल्का स्वयंपाकघरातून म्हणाली.

“दोघांत मिळून एकच दात उरलाय का?” स्रेतेन म्हणाला, आणि टेबलावर हास्याचा एकच गदारोळ झाला. एवढ्यावर हे प्रकरण संपलं असतं. पण कोसाराला नेमकं ते बरोबर ऐकू आलं.

“कसला दात?” ती म्हणाली. “माझ्या सुनेचे दात घोडीसारखे आहेत. तिला बायकांचं दुखणं झालंय, शाळेच्या फरशीवर गुडघे टेकून टेकून. गोळ्या त्या दुखण्याच्या आहेत. डॉक्टरणीने दोघांना दिल्यात. गेल्या वेळी याने डुकरिणीला घातल्या.”

हसू थांबलं. मेणबत्ती जळत होती आणि सगळे तिच्याकडे बघत होते, म्हणजे मिलुंकाकडे बघायला नको. टेबलाच्या मध्यावर रादिसावची आत्या स्तोयाना बसली होती, काळ्या रुमालातली, ओठ आवळलेली. तिच्या डोक्यात हिशेब झालेला सगळ्यांना दिसला.

“दोघांना दिल्या म्हणजे ते थंडीचं नव्हे,” स्तोयाना आत्या सावकाश म्हणाली. “आमच्या पुतणीच्या वेळीही दोघांना दिल्या होत्या. तेव्हा कळलं काय ते.” तिने पावाचा तुकडा मोडला. “रादिसाव बिचारा उन्हाळाभर तिकडे राबतो. आणि शाळेत काय, मास्तर पुष्कळ असतात.”

मिलुंकाच्या हातात ताट होतं म्हणून, नाहीतर तिने काय केलं असतं सांगता येत नाही.  इतकी वर्षं अख्ख्या गावावर ओरडणारी बाई, आणि तोंडातून शब्द फुटेना. ती रादिसावकडे बघत होती. त्याला काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिला असता तरी आत्याच्या बोलण्याने त्याचं काम झालं असतं. गावाने उरलेलं आपोआप रचलं असतं, आणि पुढच्या स्लावापर्यंत मिलुंकाचं नाव शाळेतल्या कुठल्या तरी मास्तराशी जोडलं गेलं असतं. रादिसावलाही हे कळत होतं. 

त्याने आपला ग्लास उचलला आणि टेबलक्लॉथवर पालथा घातला. राकिया पसरत पसरत भाकरीच्या टोपलीपर्यंत गेली.

“आत्या, मास्तरांना यात आणू नकोस,” तो म्हणाला.  “माझ्यामुळे झालंय. समुद्रावरून मी आणलंय. ती इथे फरश्या पुसत होती.”

 स्रेतेनला त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच काही सुचेना, म्हणून त्याने स्वतःचा ग्लास रिकामा केला, मग शेजारच्याचाही. स्तोयाना आत्या पाव चावत राहिली, खूप वेळ, जणू तो दगडाचा होता.

मिलुंकाच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की सुटकेचं, ते तिचं तिलाही कळेना. तिला ताट त्याच्या डोक्यावर उलटं करावंसं वाटत होतं, सारमांसकट. आणि त्याच वेळी तिला वाटत होतं की हा माणूस आपला आहे, आज सगळ्यांसमोर आपल्या बाजूने उभा राहिला, आणि इतक्या वर्षांत कधी इतका जवळचा वाटला नव्हता. दोन्ही एकदम वाटत होतं. यातलं कुठलं खोटं होतं असं नाही.

“म्हणजे?” कोसारा म्हणाली. “म्हणजे फरशीने नाही झालं?”

“नाही, आई,” मिलुंका म्हणाली. “फरशीवाल्याने झालं.”

पहिली हसली ती बोसिल्का, स्वयंपाकघरात, तोंडावर हात दाबून. मग स्रेतेन, मग टेबलाचं हे टोक, मग ते टोक, आणि शेवटी स्तोयाना आत्यालाही ठसका लागला. रादिसावच्याही ओठांचा कोपरा हलला.

“तू हसू नकोस,” मिलुंका त्याला म्हणाली.

तो हसायचा थांबला. तिने ताट त्याच्या हातात दिलं, टेबलाच्या टोकाला गेली, यजमानाची रिकामी खुर्ची ओढली आणि बसली. आमच्याकडे असं कुणी बसत नाही, पण त्या दिवशी कुणाचं तोंड उघडलं नाही. रादिसाव ताट घेऊन एकेकाला सारमा वाढू लागला. तिच्यापर्यंत आला तेव्हा त्याने तिच्या ताटात दोन वाढल्या, मग थांबून तिसरी.

“गोळ्या अजून दोन दिवसांच्या आहेत,” ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे टेबलाच्या अर्ध्या भागालाच ऐकू गेलं. “त्या माझ्यासमोर घ्यायच्या आणि मग तोंड उघडून दाखवायचं.”

“दाखवीन.”

“संपल्या की मी तुला विचारणार आहे. कोण, कधी, सगळं. गेल्या हिवाळ्यातच विचारायला हवं होतं.”

रादिसाव ताट धरून तसाच उभा राहिला. “विचार,” तो म्हणाला. “सांगेन.”

मिलुंकाने काटा उचलला आणि खायला लागली, कारण सकाळपासून तिच्या पोटात गोळीशिवाय काही गेलं नव्हतं.